आखातातला संसार आणि जोडप्यांचे समुपदेशन: संशोधन काय सांगते?

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे आपण सरसकट ज्याला ‘दुबई’ म्हणतो तिथे, आपले बेने इस्रायल मोजकेच. पण जे आहेत त्यांच्या घरी, आणि इथल्या इतर मराठी घरांतही, एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो: “नवरा-बायकोचं भांडण परक्या माणसापुढे मांडून होतं काय हो? पैसे घ्यायचे आणि ऐकून घ्यायचं, एवढंच ना?” प्रश्न रास्त आहे. मी शारजात राहते आणि समुपदेशनाच्याच क्षेत्रात काम करते, तेव्हा माझे मत एका बाजूचे वाटेल. म्हणून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांच्या आधारे उत्तर देते.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपल्या यहुदी लोकांचा वाटा मोठा आहे. पूर्वी मानसोपचार म्हणजे एक रोगी आणि एक डॉक्टर. घरच्यांनी बाहेर बसायचे. 1950 नंतर काही डॉक्टरांनी ही रीत मोडली. बेसाराबियात जन्मलेले नेथन अकरमन यांनी 1960 साली न्यूयॉर्कमध्ये कुटुंबांसाठी संस्था काढली. अर्जेंटिनातल्या यहुदी घरात 1921 साली जन्मलेले साल्वादोर मिनुचिन 1948 च्या युद्धात इस्रायलच्या सैन्यात डॉक्टर होते. नंतर त्यांनी तिथेच युथ अलियाच्या मुलांबरोबर काम केले आणि पुढे अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर. या सगळ्यांचे म्हणणे साधारण असे: दोष एका माणसात शोधू नका, माणसांच्या मध्ये काय चालते ते बघा. मुलगा शाळेत मारामारी करतो, तर घरात कोण कोणाशी बोलत नाही, तेही विचारा.

आपल्या देशातही हे तेव्हाच सुरू झाले होते. अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णाच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला सांगितले. माणूस बरा होऊन ज्या घरी जायचा, त्या घरालाही शिकवून पाठवायचे, हा त्यामागचा विचार.

आता मुद्द्याचा प्रश्न: उपयोग होतो का? अमेरिकेतल्या अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांचा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल इथली 134 जोडपी त्यांनी घेतली. किरकोळ कुरबुर असलेली नव्हे, तर वर्षानुवर्षे बिनसलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला जुनी पद्धत: तू हे कर, मी ते करीन, नीट बोलायला शिकू. दुसऱ्या गटाला नवी पद्धत: जे बदलणार नाही ते समजून घ्यायला आधी शिकू, मग काय बदलते ते पाहू. प्रत्येक जोडप्याला जास्तीत जास्त 26 बैठका मिळाल्या आणि पुढे पाच वर्षे त्यांची विचारपूस चालू ठेवली. पाच वर्षांनी दोन्ही गटांतली सुमारे निम्मी जोडपी स्पष्टपणे सुधारलेली होती. साधारण चौथा हिस्सा वेगळा झाला होता. बाकीची मधल्यामध्ये.

हे आकडे मी मुद्दाम जसेच्या तसे दिले. समुपदेशन म्हणजे जादू नाही. पण इतक्या बिघडलेल्या संसारांपैकी निम्मे पाच वर्षांनीही सावरलेले असणे ही लहान गोष्ट नव्हे. दोन पद्धतींत शेवटी फारसा फरक उरला नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘अमुकच पद्धत खरी’ म्हणणाऱ्याच्या जाहिरातीला भुलू नका.

दुसरा शोध जॉन गॉटमन यांचा. त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावले, चित्रण केले, नाडीचे ठोके मोजले. त्यांना आढळले की जोडप्यांच्या भांडणांपैकी सुमारे 69 टक्के भांडणे कधी मिटतच नाहीत. स्वभाव, सवयी, सासर-माहेर, पैसा हे विषय वीस वर्षांनीही तेच असतात. सुखी घरांतही! फरक असतो तो बोलण्याच्या तऱ्हेत. राग आला तर घर मोडत नाही. तुच्छता घर मोडते. “तुला काय कळतंय?” हे वाक्य, तोंड वाकडे करणे, चारचौघांत टिंगल करणे, हे सगळ्यात घातक.

तिसरा शोध सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांचा, 1985 चा. त्यांनी पाहिले की बहुतेक घरांत एक जण पाठीस लागतो आणि दुसरा पाठ फिरवतो. ती जितकी विचारते तितका तो गप्प, आणि तो जितका गप्प तितकी ती विचारते. दोघांनाही वाटते की सुरुवात समोरच्याने केली. समुपदेशकाचे काम न्याय करणे नाही. हे चक्र दोघांना एकदम दाखवणे आणि रागाच्या खाली दडलेली भीती बोलती करणे, हे त्याचे काम. “फोन का नाही केलास?” याच्या खाली बहुधा “मी तुला आठवते का?” हा प्रश्न असतो.

आणि इथेच आखाताचा विषय येतो. इथे कुटुंबाला व्हिसावर आणायचे तर पगार निदान 4000 दिरहम, किंवा 3000 दिरहम आणि राहायला जागा लागते. कागदावर तेवढ्यात जमते. पण घरभाडे आणि शाळेची फी धरली तर पुष्कळांना जमत नाही. मग तो इथे, बायको-मुले ठाण्याला किंवा अलिबागला, आणि आपल्यातल्या अनेकांचे आईवडील किंवा भावंडे अश्दोद, लोद, दिमोनाला. एका घराचे तीन देश! आपल्या वाडवडिलांनीही कराची, एडन इथे नोकऱ्या केल्या, तेव्हा हे दूर राहणे आपल्याला नवे नाही. पण तेव्हा पत्र महिन्याने यायचे. आता दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, म्हणून रात्री भांडण होते.

लीला गुलाटी यांनी आखातात गेलेल्या केरळी पुरुषांच्या बायकांवर 1993 साली पुस्तक लिहिले. नवरा दूर गेल्यावर बँक, बांधकाम, मुलांची शाळा, सगळे बायका सांभाळू लागतात आणि बदलतात. माझ्या पाहण्यात मराठी घरांतही हेच होते. खरी ठिणगी पडते ती तो सुट्टीवर आल्यावर किंवा कायमचा परतल्यावर. त्याला जुने स्थान हवे असते, तिने तर नवे घर उभे केलेले असते. यात कोणी वाईट नसते. पण हे आधी बोलून ठेवले नाही, तर दोघेही एकमेकांना वाईट ठरवतात.

दूर राहणाऱ्यांनी समुपदेशकाकडे एकत्र जायचे कसे? ब्रायन डॉस यांनी 2016 साली 300 जोडप्यांवर घेतलेल्या चाचणीत इंटरनेटवरून दिलेल्या कार्यक्रमाचाही चांगला उपयोग दिसला. तेव्हा स्क्रीनवरची बैठक ही दुय्यम गोष्ट समजू नका. इथे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, बोटिम किंवा झूमवरून बोलावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट, जी इथे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक जोडप्याला ठाऊक असायला हवी. भारतात कुटुंब न्यायालयाच्या 1984 च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो. इथेही मुस्लिम जोडप्यांचे प्रकरण सहसा आधी कौटुंबिक मार्गदर्शन विभागाकडे जाते. पण बिगरमुस्लिमांसाठी 1 फेब्रुवारी 2023 पासून जो दिवाणी कायदा लागू झाला, त्यात दोघांपैकी कोणीही एक जण दोष सिद्ध न करता घटस्फोट मागू शकतो. समेटाच्या विभागाकडे न जाता पहिल्याच तारखेला तो मंजूर होऊ शकतो. ज्याला छळातून सुटायचे आहे त्याला हे वरदान आहे. पण ज्यांचे केवळ बिनसले आहे, त्यांना ‘थांबा, एकदा बोला’ म्हणणारे वाटेत कोणी नाही. ते थांबणे आपले आपणच ठरवायचे. शिवाय न्यायालयाचा घटस्फोट मिळाला म्हणजे गेट मिळाला असे होत नाही. पुढे इस्रायलमध्ये धर्माप्रमाणे लग्न करायचे तर गेट लागतोच.

लोक किती उशीर करतात? ‘सहा वर्षे’ असे सगळीकडे लिहिलेले असते. मिनेसोटाच्या विल्यम डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी खरोखर मोजले तेव्हा सरासरी 2.68 वर्षे निघाली. तीही कमी नाहीत.

समुपदेशक निवडताना परवाना विचारा. दुबईत आरोग्य प्राधिकरण किंवा समाजविकास प्राधिकरण, अबूधाबीत आरोग्य विभाग परवाने देतात. दोघांचे ऐकतो का, किती बैठकांचा अंदाज आहे, मराठी-हिंदी कळते का, हे पहिल्याच दिवशी विचारा. मनातले भांडण इंग्रजीत नीट मांडता येत नाही! आणि घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर दोघांनी एकत्र बसायचे समुपदेशन करू नका. तिथे बोललेल्या शब्दाची शिक्षा घरी मिळते. अशा वेळी आधी सुरक्षितता. दुबईत स्त्रिया आणि मुलांसाठी 2007 पासून दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन ही संस्था आहे.

काही जण म्हणतील, हे सगळे परके, आपल्या धर्मात कुठे आहे? तोरेत सारा हसली आणि मनात म्हणाली, माझा नवरा म्हातारा झाला आहे. देवाने अब्राहामाला सांगताना फक्त ‘मी म्हातारी झाले’ एवढेच तिचे बोलणे सांगितले. आपल्या विद्वानांनी यावरून शिकवले की घरातल्या शांतीसाठी, शलोम बायितसाठी, देवानेही शब्द सांभाळले. मग मधे बसून शब्द सांभाळायला मदत करणारा माणूस आपल्याला परका का वाटावा?

2022 पासून इथे सरकारी कचेऱ्यांत शुक्रवार अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी असते. बऱ्याच खासगी कंपन्याही तसेच करतात. भारताचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, म्हणजे घरी शब्बाथचे दिवे आधी लागतात. तेव्हा शुक्रवारी दुपारी काम संपले की आधी घरी फोन लावा, पैशांचा हिशोब त्यात काढू नका, आणि “आठवडा कसा गेला?” एवढेच विचारून शेवटपर्यंत ऐका. तेवढ्याने निभावले तर उत्तम. नाही निभावले तर तीन वर्षे वाट न पाहता समुपदेशकाची वेळ घ्या.