टेम्पोचंही दुखणं-खुपणं असतं!

मे महिन्यातला शनिवार. पाचगणीच्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर होती. पिठाच्या गोण्या, मसाले, लोणच्याचे डबे आणि दुपारच्या जेवणासाठी तीनशे पुरणपोळ्या. अकरा वाजता ड्रायव्हरचा पसरणी घाटातून फोन आला, "वहिनी, गाडी चढंना. इंजिन नुसतं ओरडतंय, जळका वास सुटलाय."

क्लच प्लेट गेली होती. पोळ्या पोचल्या साडेतीनला. हॉटेलने त्या परत पाठवल्या आणि पुन्हा कधी आमच्याकडे ऑर्डर दिली नाही.

तोपर्यंत टेम्पो म्हणजे 'यांचं खातं' होतं. आदल्या डिसेंबरात यांना अर्धांगाचा झटका आला आणि मसाल्याचा व्यवसाय, ड्रायव्हर, टेम्पो सगळं माझ्याकडे आलं. मिरचीचा रंग बघून तिची जात सांगणारी मी, पण इंजिन ऑइल कुठे बघतात हे मला माहीत नव्हतं.

मेकॅनिकने झिजून रिबिटापर्यंत आलेली प्लेट माझ्या हातात ठेवली. "वहिनी, ही आज गेलेली नाही. महिनाभर सांगत असणार." ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "पेडल वर लागत होतं. पण खर्च सांगितला की बोलणी बसतात, म्हणून गप्प राहिलो." आणि माझी चूक? साडेसातशे किलोच्या टेम्पोत मी जवळजवळ टनभर माल भरला होता. एका खेपेत काम होईल, डिझेल वाचेल! वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरचं. दुसऱ्या खेपेला लागलं असतं दीडशे रुपयांचं डिझेल. बिल झालं ते असं: क्लच सेट ५,४०० रुपये, मजुरी २,२००, फ्लायव्हील घासून घेण्याचे ९००, गाडी ओढून आणायचे २,५००. एकूण ११,०००. पोळ्या वेगळ्याच.

त्या दिवशी मी दुधाच्या हिशेबासारखी टेम्पोचीही वही सुरू केली. त्यातून शिकलेलं थोडं मैत्रिणींसाठी.

क्लच : इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, पेडल वर आल्यावरच गाडी हलते, ही झिजल्याची खूण. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय प्लेट लवकर खाते. गिअरबॉक्स एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच बदलावं. नाहीतर मजुरी दोनदा पडते.

ब्रेक : चाकातून घासल्याचा आवाज आला की लायनर लगेच बघावेत. लायनर स्वस्त असतात, पण पत्र्यावर पत्रा घासून ड्रम खराब झाला की खर्च कितीतरी पट होतो. आणि डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ड्रायव्हरला आधी थांबवा. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं.

पाणी आणि फॅन बेल्ट : रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत राहिलं की आत गंज धरतो. कूलंटच वापरावं. तापमानाचा काटा वर गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि गरम असताना झाकण मुळीच उघडायचं नाही. 'गॅरेज जवळच आहे' म्हणून तशीच चालवली, तर हेड गॅस्केट जातं. ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसू लागलं, तर समजावं. हे काम दहा-बारा हजारांच्या खाली होत नाही, आणि इंजिनच उघडायची वेळ आली तर रक्कम आणखी बरीच वाढते.

पाटे, क्रॉस आणि टायर : जास्त माल भरला की मागचे पाटे बसतात किंवा तुटतात. गिअर टाकताना खालून 'खट्' असा आवाज आला तर क्रॉस बघावा. त्याला वेळेवर ग्रीस मिळालं तर तो बराच टिकतो. टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी. काही शे रुपयांत दोन टायर वाचतात.

बिल : काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून घ्यावा. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी मांडायला सांगावी, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर जास्त असतात. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला तर आधी स्कॅनर लावून दोष बघावा, अंदाजाने भाग बदलत बसू नये. आणि 'विमा आहे की' या भ्रमात राहू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या विम्यात धरत नाहीत.

शेवटचा नियम मी स्वतःसाठी केलाय. ड्रायव्हरने 'आवाज येतोय' म्हटलं की आधी त्याचं ऐकायचं, पैशाचं नंतर बघायचं. दर महिन्याला मी दोन हजार रुपये टेम्पोच्या नावाने बाजूला टाकते. खर्च निघाला नाही तर ते तसेच साठतात, त्यातूनच या वर्षी टायर घेतले.

दर रविवारी सकाळी ड्रायव्हर अंगणात टेम्पो चालू करतो आणि हे ओट्यावर खुर्चीत बसून ऐकतात. बोलणं अजून स्पष्ट होत नाही, पण कान शाबूत आहेत. परवा त्यांनी डावा हात वर करून थांबवलं आणि बोट गोल गोल फिरवलं. आम्हाला काहीच कळेना. बॉनेट उघडून बघितलं तर फॅन बेल्टला चीर गेलेली!

वहीत नोंद केली : बेल्ट आणि मजुरी, ४५० रुपये.