तेरच्या कपाटातला चौदावा गण

धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटर. तेरणेकाठचे हे गाव आपण ओळखतो ते संत गोरोबाकाकांमुळे. इतिहासाचे अभ्यासक त्याला ‘तगर’ म्हणून ओळखतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे जे तगर येते, ते म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

मी इतिहासाचा माणूस नाही. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत आलो. आवर्तसारणी मुले पाढ्यासारखी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. अनेक वर्षे मीही ती पाढ्यासारखीच शिकवली, हे कबूल केले पाहिजे. ही सवय मोडली ती तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात.

मुलांना घेऊन गेलो होतो. कपाटात काळी-तांबडी खापरे होती. अशी भांडी भाजताना आतल्या बाजूला हवा पोचत नाही; तिथे काजळी मुरते, म्हणजे कार्बन. खापराची माती आणि काचेचे मणी या दोन्हींच्या मुळाशी सिलिकॉन. सातवाहनांची नाणी पाहिली तर त्यांत शिसे आहे आणि पोटिनही. पोटिन म्हणजे तांबे, कथिल आणि शिसे यांचा मिश्रधातू. कथिल आपल्या स्वयंपाकघराला अपरिचित नाही, कल्हई त्याचीच. तांबे, कथिल आणि शिसे भडोचच्या बंदरात समुद्रमार्गे येत असे, हेही पेरिप्लसच सांगतो.

कार्बन, सिलिकॉन, कथिल, शिसे. नावे मनात लावली आणि थबकलो. आवर्तसारणीच्या चौदाव्या गणातली ही चार मूलद्रव्ये, वरून खाली त्याच क्रमाने!

हा गण जुळतो कसा? अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यातल्या प्रोटॉनांची संख्या हा अणुअंक. तेवढेच इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवतीच्या कवचांत असतात. अणू हा जुना वाडा समजा. माजघरातली माणसे बाहेर येत नाहीत; आल्यागेल्याशी व्यवहार होतो तो ओसरीवर. अणूची ओसरी म्हणजे सर्वांत बाहेरचे कवच. कार्बनची मांडणी २, ४. सिलिकॉनची २, ८, ४. कथिलाची २, ८, १८, १८, ४. शिशाची २, ८, १८, ३२, १८, ४. वाडे लहानमोठे, पण प्रत्येकाच्या ओसरीवर माणसे चारच. म्हणून त्यांच्या संयुजेत साम्य.

मग काजळी आणि शिसे इतकी वेगळी का? खाली जावे तशी कवचे वाढतात, ओसरी केंद्रकापासून दूर जाते आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल होते. जो इलेक्ट्रॉन सहज सोडतो, तो धातू. म्हणून वर अधातू कार्बन आणि तळाशी ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळणारे मऊ शिसे. नाण्यांसाठी ते किती सोयीचे, हे तगरच्या कारागिरांना हाताने कळले होते. कारण मात्र त्यांना माहीत असण्याची शक्यता नव्हती. त्यांच्या कौशल्याला आधुनिक अणुविज्ञानाचे नाव देण्याची गरज नाही. ते कौशल्य म्हणूनच मोठे आहे.

खुद्द मेंडेलीव्हलाही कारण ठाऊक नव्हते. १८६९ मध्ये त्याने मूलद्रव्ये मांडली ती अणुवस्तुमानाच्या आधारे. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. तरीही सिलिकॉन आणि कथिल यांच्यामध्ये त्याने एक घर रिकामे सोडले. १८७१ मध्ये त्याने त्या न सापडलेल्या मूलद्रव्याला आपल्या संस्कृतातला ‘एक’ लावून ‘एका-सिलिकॉन’ म्हटले आणि अणुवस्तुमान सुमारे ७२ असेल असे सांगितले. १८८६ मध्ये जर्मनीत विंक्लरला ते मूलद्रव्य सापडले. ते जर्मेनियम, अणुवस्तुमान ७२.६.

मी मुलांना विचारले, “या कपाटात काय नाही?” वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी बोटांवर मोजत म्हणाली, “सर, सिलिकॉनच्या खालचं घर रिकामं आहे.” तिला जर्मेनियमचे नाव आठवत नव्हते. मेंडेलीव्हलाही ते ठाऊक नव्हते. जागा मात्र दोघांनीही बरोबर ओळखली. त्या दिवसापासून मी सारणी पाठ करून घेणे सोडले.