लंडनचं वार्तापत्र : दालनाच्या दारावरची नावं

लंडन : सातारा-सांगलीकडच्या देवळांच्या पायऱ्या चढताना नजर खाली गेली, की फरशीवर नावं दिसतात. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून सप्रेम भेट. इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी नावं दालनांच्या दारांवर आहेत. जपानी कलेचं दालन १९८६ पासून तोशिबाच्या नावाचं, कोरियन कलेचं १९९२ पासून सॅमसंगच्या, तर इस्लामी कलेचं २००६ पासून जमील यांच्या.

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात दाखल झालेली वाघनखं इथूनच गेली, तीन वर्षांनी परत करायच्या बोलीवर. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या वंशजाकडून ती या संग्रहालयाला मिळाली होती. म्हणजे तीही देणगीच.

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या पाठबळावर, १८५२ साली हे संग्रहालय उभं राहिलं. त्या प्रदर्शनाला खर्च वजा जाता १ लाख ८६ हजार पौंड उरले आणि त्यातूनच साऊथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. २००१ पासून इथला प्रवेश पुन्हा मोफत आहे. सरकार अनुदान देतं, पण त्यात सगळं भागत नाही. उरलेला पैसा मागून आणावा लागतो, आणि मागणं हा इथे पूर्णवेळचा पेशा आहे. त्यासाठीच्या विभागाचं नाव ‘डेव्हलपमेंट’. कुठला न्यास कशासाठी पैसे देतो, त्याच्या अर्जाची मुदत कधी संपते, मागच्या देणगीचा हिशेब पोचला का, हे पाहणारी माणसं तिथे दिवसभर बसलेली असतात. अर्जात चार गोष्टी नेमक्या लिहाव्या लागतात : काम काय, खर्च किती, फायदा कुणाला, आणि पैसे संपल्यावर ते काम चालवणार कोण. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात अवघड.

तिकीट लागतं ते खास प्रदर्शनांना. २०१९ साली दिऑरच्या पोशाखांचं प्रदर्शन सुमारे ५ लाख ९५ हजार लोकांनी पाहिलं. करांची रचनाही देणगीला धार्जिणी आहे. करदात्याने १०० पौंड दिले, तर संस्था सरकारकडून आणखी २५ पौंड मागून घेते. आपल्याकडच्या प्राप्तिकरातली ८०जीची सवलत देणाऱ्याच्या पदरात पडते, इथला हा वाटा थेट संस्थेला मिळतो. मृत्युपत्राने संग्रहालयाला ठेवलेल्या रकमेवर वारसा कर लागत नाही.

पण पैसा कुणाचा, हा प्रश्नही इथे आता गंभीरपणे विचारला जातो. २०१७ साली संग्रहालयाचं नवं अंगण सॅकलर कुटुंबाच्या नावाने उघडलं. अमेरिकेत हजारोंना व्यसनात लोटणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांशी त्या घराण्याचं नाव जोडलेलं. २०१९ साली छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी त्याच अंगणात निदर्शनं केली आणि २०२२ साली ते नाव उतरलं. उशीर झाला, पण उतरलं हे महत्त्वाचं.

हे सगळं पाहताना सातारा जिल्ह्यातलं एक संग्रहालय आठवतं. खटाव तालुक्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय ही एका माणसाच्या ध्यासाची गोष्ट. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उघडलं. राजा रविवर्म्याची चित्रं, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला, हस्तिदंताचं काम, सगळं तिथे आलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तसा तो राजाश्रयही संपला. आज संग्रहालय राज्य सरकारकडे आहे.

सरकारी मालकी आणि खाजगी पैसा यांचा मेळ महाराष्ट्रात बसलेला आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ साली करार केला आणि २००८ साली ती वास्तू पुन्हा उघडली. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या, म्हणजे सीएसआरच्या, २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या यादीत कला आणि वारसाही आहे.

औंधच्या संग्रहात एक दगडी आई आणि मूल आहे, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांच्या हातचं. मूर यांनी १९७७ साली स्थापन केलेला न्यास शिल्पकलेच्या कामासाठी अनुदान देतो. त्याचं ठाणं लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमधल्या पेरी ग्रीन गावी. औंधहून तिथे अर्ज धाडायचा, तर पहिल्या ओळीत लिहायला मूर यांचंच शिल्प आहे. उरलेले रकाने भरायला एक माणूस बसवावा लागेल.