थरथरते पाते आणि न दिसणारी जखम



किल्लारीत उभे राहून थरथरण्याविषयी बोलायचे म्हणजे जपूनच बोलले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास या भूमीला जो हादरा बसला त्याची हकिगत या सभेला आम्ही सांगावी असे नाही. ती सांगणारे समोरच बसले आहेत. तरीही आज आम्ही ज्या यंत्राची ओळख करून देणार आहोत, त्याचे सारे काम थरथरण्यावरच चालते. त्याचे नाव व्हायब्रेटोम. शरीरातील मऊ भागांचे, विशेषतः मेंदूचे, पातळ काप पाडण्यासाठी ते प्रयोगशाळेत वापरतात. आम्ही काही कॉलेजात शिकलेलो नाही. हमालांच्या आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेत काम करता करता जे वाचले, तेवढ्याच शिदोरीवर बोलत आहो. तेव्हा भाषा साधी राहील.

प्रथम काप कशासाठी, ते पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली वस्तूची आतली घडण पाहायची तर तिच्यातून उजेड आरपार गेला पाहिजे, आणि त्यासाठी ती पातळ हवी. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ 617 मीटर खोल भोक पाडले. सुमारे 338 मीटर काळा दगड संपल्यावर खाली फार प्राचीन खडक लागला. असा खडक तपासताना त्याची चकती घासून घासून 0.03 मिलिमीटर जाडीची करतात. खडक टणक असतो, तो घासणे सोसतो. पण मेंदू हा घट्ट विरजलेल्या दह्यासारखा. तो घासता येत नाही, आणि दाबला तर पिचतो. मग त्याचा काप पाडावा कसा?

जुना आणि आजही चालू असलेला मार्ग मेणाचा. ऊतीला रसायनात मुरवावयाचे, तिच्यातले पाणी काढावयाचे, त्या जागी वितळलेले मेण भरावयाचे आणि घट्ट झालेली वडी धारदार पात्याने कापावयाची. या विद्येला आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून देणारे मोठे नाव म्हणजे गोव्यात 1895 साली जन्मलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर. 1941 साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी उचलली. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध दाखविण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. गालातली गाठ कर्करोगाची की साधी, याचा निवाडा अजूनही बहुधा मेणातल्या कापावरच होतो.

परंतु मेणाच्या मार्गाने गेलेली ऊती मेलेली असते, आणि त्या खटाटोपात तिच्यातील कित्येक नाजूक द्रव्ये बिघडतात. दुसरा मार्ग गोठविण्याचा. तो झटपट होतो; पण पाण्याचा बर्फ होताना त्याच्या कण्या पेशींना भोसकू शकतात. ज्याला ऊती न गोठविता, मेणात न बुडविता, प्रसंगी जिवंत असताना पाहायची आहे, त्याला हे दोन्ही मार्ग बंद. 1923 च्या सुमारास जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी ताज्या ऊतीचे काप हाताने वस्तऱ्याने पाडून त्यांचा श्वासोच्छ्वास मोजला. पण वस्तरा हाती धरून प्रत्येक काप सारख्या जाडीचा पाडणे हे थोड्यांनाच साधावे असे कसब होते. ते कसब यंत्राच्या अंगी उतरविण्याच्या खटपटीतून 1970 च्या आसपास थरथरते पाते प्रयोगशाळांत रुळले.

त्यातले तत्त्व आपल्या माउल्यांना ठाऊक आहे. पिकलेला टोमॅटो विळीवर नुसता दाबा, तो फुटतो. तोच पात्यावरून हलके ओढा, साल चिरते आणि आतला गर जागच्या जागी राहतो. मऊ वस्तूला जोर सोसत नाही, तिला पात्याची चाल लागते. या यंत्रात मेंदूचा तुकडा एका पट्टीवर चिकटवितात, आधाराला शेवाळापासून काढलेल्या अगराची खळ लावतात आणि सारे थंडगार क्षारपाण्यात बुडवितात. दाढीच्या पात्यासारखे पाते सेकंदाला ऐंशी-नव्वद वेळा डावीउजवीकडे झुलते. पुढे मात्र ते मुंगीच्या पावलाने सरकते: सेकंदाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. रसायनात मुरविलेल्या मेंदूचा काप 40 ते 50 मायक्रॉनचा पाडतात, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. जिवंत ठेवायचा काप 300 ते 400 मायक्रॉनचा असतो. प्राणवायू मिसळलेल्या क्षारपाण्यात तो काही तास जगतो आणि त्यातील पेशींचे विजेचे संदेश टिपता येतात.

आता यातली खरी मेख ऐका. पात्याने झुलावे ते आडवेच. ते जरासेही वरखाली उडू लागले की कापाच्या पृष्ठभागावरील पेशी ठेचल्या जातात. 2002 साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी ही वरखाली थरथर अगदी कमी करणारी रचना प्रसिद्ध केली. आज चांगल्या यंत्रात ती सुमारे एक मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर, आणतात. जुन्या किल्लारीतील घरांची गोष्ट याच्या उलट होती. दगडमातीच्या त्या जाड भिंती वरचा भार पिढ्यानपिढ्या वाहत होत्या. त्यांना आडवा हादरा सोसला नाही. हादरा कोणत्या दिशेने येतो आणि समोरची वस्तू कशाने बांधलेली आहे, यावर सारे अवलंबून असते.

एवढा खटाटोप करून हाती काय लागते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य आणि त्यांचे सहकारी बालपणीच्या ताणाचा मेंदूवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करतात. त्यांच्या कामात असे पातळ काप लागतात. प्रयोगात उंदरांची पिल्ले जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवतात, आणि ती मोठी झाल्यावर मेंदूच्या कापांत नव्याने जन्मलेल्या पेशी मोजतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसले की, दोन महिन्यांच्या तरुण उंदरांत स्मरणाशी निगडित भागात नव्या पेशी उलट वाढलेल्या होत्या. परंतु पंधराव्या महिन्यात, म्हणजे उंदराच्या मध्यमवयात, त्या घटल्या आणि स्मरणही उणावले. तारुण्यात निभावून नेलेला ताण उतरत्या वयात आपली वसुली करतो, असा याचा अर्थ. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही विसरत नाही. या कामी मुके जीव खर्ची पडतात हेही लपवीत नाही. 1960 च्या कायद्याखाली त्यावर समित्यांची देखरेख असते, आणि ती कडकच असावी.

हे सारे आम्ही किल्लारीत का सांगतो? ढिगाऱ्याखालून निघालेल्या ज्या लेकरांनी त्या पहाटे आईबाप गमावले, ती आज तिशी-चाळिशीत आहेत. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना विषण्णतेने आणि आघाताच्या आठवणींनी ग्रासले आहे, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी 1996 सालीच लिहून ठेवले. पण ज्या जखमेतून रक्त येत नाही, तिला आपल्याकडे कोणी जखम म्हणत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात मजुराचा अंगठा तुटला तर कमाईच्या ताकदीत 30 टक्के घट धरली होती; सोबत्याला डोळ्यांदेखत मचाणावरून पडताना पाहून ज्याची झोप कायमची उडाली, त्याच्यासाठी त्या यादीत एकही ओळ नव्हती. त्याला आम्ही लोकांनी ‘मनाचा कच्चा’ म्हटलेले पुष्कळदा ऐकले आहे.

ते कापांचे पुरावे या बोलण्याला उत्तर आहेत. मनावरचा घाव मेंदूच्या घडणीत उतरतो. तो मोजता येतो. कधी तो वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. त्याला दैव म्हणून वा दुबळेपणा म्हणून झटकून टाकणे हे अज्ञान आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. हक्क कागदावर असतो. तो मागावा लागतो, आणि एकट्याने मागण्यापेक्षा चौघांनी मिळून मागितलेला बरा. आपल्या गल्लीत रात्री दचकून उठणारा, गडगडाट झाला की अंगणात धावणारा कोणी असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. मऊ वस्तूला जोर सोसत नाही, हे आपण आताच पाहिले. माणसाचे मनही त्याच जातीचे आहे.