अमळनेरची पेटी आणि एकतीस मार्च

खानदेशात जुन्या घराच्या माळ्यावर अजूनही एखादी लोखंडी पेटी सापडते. आत पिवळा पडलेला सातबारा, सराफाच्या पावत्या, कुणाची तरी जन्मपत्रिका. अमळनेरच्या काही पेट्यांत या सगळ्याच्या तळाशी आणखी एक कागद असतो : शेअर प्रमाणपत्र. घडीवर विरलेलं, फोलिओ क्रमांक शाईनं लिहिलेला, आणि नाव आजीचं, पुढे ‘बाई’ लावून. आधार कार्डावर मात्र ‘बाई’ नाही. त्या एका शब्दापायी पुढे किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक.

हा कागद ‘विप्रो’चा. महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदवली आणि कारखाना काढला तो जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. आसपास भुईमूग मुबलक, गावात रेल्वे आणि प्रताप मिलमुळे कामगारांची सवय झालेली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ कपड्यांचा साबण ही तिची पहिली ओळख. शेअर विक्रीला निघाले तेव्हा गावातल्या दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी ते घेतले. १९६६ मध्ये वडील वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार पाहू लागले. तूप-साबणाची कंपनी पुढे संगणकाकडे वळली. अमळनेरकरांनी शेअर तसेच ठेवले.

तसेच ठेवले म्हणजे काय झालं, हे बोनसच्या हिशेबातून दिसतं. अगदी जुनं जाऊ द्या, २००४ च्या बोनसआधी एखाद्याकडे फक्त ३ शेअर होते असं धरू. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळाले, झाले ९. २००५ मध्ये एकाला एक, झाले १८. २०१० मध्ये तिनाला दोन, ३०. २०१७ मध्ये दुप्पट, ६०. २०१९ मध्ये तिनाला एक, ८०. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा दुप्पट. तीनाचे १६० झाले, आणि या सगळ्या वाढीवर वाढत असताना एक रुपयाही आयकर लागला नाही. शेअरच्या किमतीवर कर लागतो तो विकल्यावर. लाभांशाचं तसं नाही. एप्रिल २०२० पासून तो ज्याच्या हाती पडतो त्याच्या उत्पन्नात धरला जातो.

विक्रीवरच्या कराचे नियम मात्र बदलत गेले. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत बाजारात विकलेल्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नव्हता. २०१८ च्या अर्थसंकल्पानं तो आणला. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के आहे, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त.

पेटीतल्या कागदाची खरी गंमत इथे आहे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हातात असलेल्या शेअरना कायद्यानं संरक्षण दिलं. त्यांची खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाचा सर्वोच्च भाव धरता येतो. विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर नफा शून्य धरतात. आपल्या १६० पैकी ६० शेअर या छत्राखाली येतात. उरलेले १०० म्हणजे २०१९ आणि २०२४ चे बोनस. त्यांची खरेदी किंमत शून्य, म्हणून विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफा. डिमॅट खात्यातून आधी आलेले शेअर आधी बाहेर पडतात. सगळा गठ्ठा एकदम विकणारा आणि थोडे थोडे विकणारा यांच्या करात म्हणूनच मोठा फरक पडतो.

किती फरक? वर्षाला सहा लाख निवृत्तिवेतन असलेल्या एका शिक्षिकेला शेअर विकून तीन लाखांचा नफा होणार आहे असं समजा. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे तिनं ऐकलेलं असतं, पण ती सूट या नफ्याला लागू नाही. सव्वा लाख वजा जाता पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के आणि चार टक्के उपकर मिळून २२,७५० रुपये भरावे लागतात. तिनं निम्मे शेअर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकले आणि नफा सारखा विभागला, तर दोन वर्षांचा मिळून कर ६,५०० रुपये. मधे अंतर दोन आठवड्यांचं, वाचले १६,२५० रुपये. यात लपवाछपवी कुठेच नाही. विवरणपत्रात दोन्ही विक्री दाखवायच्या, इतकंच.

सव्वा लाखाची ही सवलत प्रत्येक माणसाला स्वतंत्र मिळते. वारशानं आलेल्या संपत्तीवर आपल्याकडे कर नाही (मृत्युकर १९८५ मध्ये गेला), आणि वारसाला मूळ मालकाची खरेदी किंमत व तारीख दोन्ही मिळतात. सज्ञान मुलाला किंवा आईवडिलांना शेअर भेट दिले तर पुढचा नफा त्यांचा. बायकोच्या किंवा अल्पवयीन मुलाच्या नावे केले तर मात्र तो नफा देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. घरोघरी सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती हेतूपेक्षा अज्ञानातून होते.

कागदी प्रमाणपत्र अजून पेटीतच असेल तर घाई करायला हवी. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची खरेदी-विक्री बंद आहे, आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. ते परत मिळतात, पण वारसाचे दाखले, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आणि पुष्कळ धीर लागतो.

आता अमळनेरहून धुळ्याकडे वळू. तिथल्या पगारदारांची चिंता वेगळी. फेब्रुवारी उजाडला की शाळेच्या, बँकेच्या कार्यालयात ‘ऐंशी सी’च्या करवजावटीची धावपळ सुरू होते आणि विम्याची एखादी पॉलिसी गळ्यात पडते. त्या धावपळीची गरज बहुतेकांना उरलेलीच नाही. २०२०च्या अर्थसंकल्पात आलेली नवी करपद्धत आता आपोआप लागू होते, आणि २०२५-२६ मध्ये पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून कर शून्य. जिथे करच नाही तिथे वाचवायचं काय? अशा माणसानं केवळ कराच्या नावाखाली वीस वर्षांची पॉलिसी घेणं हे सरळ नुकसान आहे.

पगार पंधरा लाख असला तर? नव्या पद्धतीत कर ९७,५०० रुपये. जुन्या पद्धतीत ८० सी चे दीड लाख, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे (एनपीएस) पन्नास हजार, आरोग्यविम्याचे पंचवीस हजार आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, असं सगळं वापरूनही १,२४,८०० रुपये. या पगाराला जुनी पद्धत परवडायची तर प्रमाणित वजावट सोडून ५,४३,७५० रुपयांच्या वर वजावटी हव्यात. भाड्याच्या घरात राहून घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्यालाच ते बहुधा जमतं. हा हिशेब करायला अर्धा तास लागतो. तो पॉलिसीवर सही करण्याआधी करावा.

नव्या पद्धतीतही एक दार उघडं आहे, आणि खासगी नोकरीतल्या फार थोड्यांना ते माहीत असतं. मालकानं कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात मूळ वेतनाच्या चौदा टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम करातून वजा होते. मूळ वेतन साडेसात लाख असेल तर १,०५,००० रुपये. वरच्या पंधरा लाखांच्या पगारातच ही रक्कम बसवून घेतली तर कर १६,३८० रुपयांनी कमी. त्यासाठी पगाराची रचना बदलून द्या, असं कार्यालयाला सांगावं लागतं. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हेही खरं.

पीपीएफचं महत्त्व मात्र दोन्ही पद्धतींत टिकून आहे. १९६८ पासूनची ही योजना, व्याज सध्या ७.१ टक्के आणि ते पूर्ण करमुक्त. व्याज मोजतात ते महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर. वर्षाचे दीड लाख ५ एप्रिलच्या आत भरणाऱ्याला पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं, मार्चअखेर भरणाऱ्याचे त्या रकमेवरचे सुमारे दहा हजार रुपये जातात. पतसंस्थेतली ठेव मात्र ८० सी मध्ये बसत नाही आणि बँकेच्या ठेवीला असतं तसं पाच लाखांचं विमासंरक्षणही तिला नाही. खानदेशानं पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचं दुःख पुरेसं पाहिलं आहे.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला कुणी सांगायला नको. जमीन विकताना मात्र तो गाफील राहतो. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं लोकसंख्येनं एक ते दहा लाखांच्या गटात येतात. म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरपर्यंतची शेतजमीन कायद्याच्या लेखी शहरी ठरते, आणि तिच्या विक्रीचा नफा करपात्र. अंतर रस्त्यानं नव्हे, सरळ रेषेत मोजतात. भुसावळ रस्त्याला आठ किलोमीटर वाटणारा मळा नकाशावर सहाच्या आत निघू शकतो. विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल, तर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेऊन कर टाळता येतो. नाहीतर सहा महिन्यांत आरईसी किंवा पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांचे कर वाचवणारे रोखे घ्यावेत. मर्यादा पन्नास लाख, मुदत पाच वर्षं. सौदा झाल्यावर सल्लागाराकडे जाणारे यातले सहा महिने बोलण्यातच घालवतात.

आणि जळगावात सोन्याशिवाय गुंतवणुकीची गोष्ट पुरी होत नाही. दागिना किंवा वळं दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के. रिझर्व्ह बँकेकडून थेट घेऊन आठ वर्षं सांभाळलेल्या सुवर्णरोख्यावर तो करही नाही. पहिले रोखे नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅममागे २,६८४ रुपयांना निघाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतले गेले. वाढ सगळी करमुक्त, फक्त दर सहामाहीचं व्याज करपात्र. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेले नाहीत. तेव्हा घेतलेल्यांची मुदत फेब्रुवारी २०३२ मध्ये भरेल. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी ही तारीख, बँकेचं नाव आणि नामनिर्देशन घरातल्या आणखी एकाला आजच सांगून ठेवावं. हे रोखे बहुधा संगणकातच असतात. पेटीत हाताला लागतील असे नाहीत.