जुन्या वस्तूंचा संग्रह : छंद आणि जबाबदारी

पानाचे तबक ज्या घरातून गेले, त्या घरातून अडकित्ताही गेला. कोठे गेला म्हणाल, तर बहुतेक वेळा मोडीच्या भावाने भट्टीत. सुपारी कातरण्याचे हे साधे हत्यार. पण आमच्या जुन्या कारागिरांनी त्याला कधी घोड्याचा आकार दिला, कधी पोपटाचा, तर कधी स्त्री-पुरुषांच्या जोडीचा. या माणसांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिले नव्हते. बापाच्या हाताखाली बसावे, चुकावे, बोलणी खावीत आणि पुन्हा करून पाहावे, हेच त्यांचे शिक्षण. अशा हातांनी घडवलेल्या वस्तू जमवण्याचा छंद आज पुष्कळांना लागला आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु वस्तू जमवणे निराळे आणि जपणे निराळे. हा भेद कशात आहे, तेवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

या बाबतीत पुणेकरांना उदाहरणासाठी दूर जावयास नको. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला, आणि पुढे उभा देश पालथा घातला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील वस्तूंची संख्या वीस हजारांवर आहे. दिवे, दौती, फण्या, वजऱ्या, अडकित्ते, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या चिजा त्यांत विपुल आहेत. घरी एखादा दिवा असला तर तो नुसता दिवा असतो. शेकडो दिवे एका छपराखाली आले म्हणजे गावागावांचा आणि हाताहातांचा फरक डोळ्यांना दिसू लागतो. संग्रहाचे खरे सामर्थ्य ते हेच.

वजरीचेच पाहा. टाचा घासण्याची ही वस्तू. तळ खरबरीत आणि वर मूठ म्हणून एखादा मोर किंवा घोडेस्वार. पुष्कळशा जुन्या वजऱ्या मेणाच्या साच्याने ओतलेल्या असत. आधी मेणाची प्रतिमा करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, ते वाळले की तापवून मेण वाहू द्यावयाचे, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओतावयाचे. आतली वस्तू काढावयाची तर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्याची वस्तू एकच, आणि दुसरा मोर पहिल्यासारखा दिसला तरी तोच मोर नव्हे. कारागिराने कोठेही नाव कोरलेले नसते. पण अंगठ्याने दाबलेल्या मेणाची ठेवण धातूत उतरून राहते.

आता कोणी विचारील, जुने ओळखावे कसे? आम्ही म्हणतो, हात कोठे लागत असेल याचा आधी विचार करावा. अडकित्ता खिळीपाशी आणि मुठीवर झिजतो, वजरी तळाशी झिजते, दिव्याच्या सांध्यांत तेल आणि काजळी मुरलेली असते. जेथे कोणाचाही हात पोहोचणार नाही तेथेही सारखीच झीज दिसली, किंवा हिरवा थर सर्वत्र रंग दिल्यासारखा बसला असला, तर सावध व्हावे. आणि खरी वस्तू हाती आलीच, तर चिंच किंवा राख घेऊन ती लखलखीत करू नये. शंभर वर्षांची साक्ष घटकाभरात धुतली जाते.

हा उपदेश आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो आहो. एकदा जुन्या बाजारात आम्हांला एक लामणदिवा मिळाला. साखळीला पाखरू होते. भाव दोन रुपयांनी कमी करण्यासाठी आम्ही अर्धा तास घासाघीस केली. पण दिवा कोणत्या गावचा, कोणत्या घरातला, हा प्रश्न काही आम्हांला सुचला नाही. पुढल्या आठवड्यात विचारावयास गेलो, तर विक्रेता तेथे नव्हता. पुढे कधी दिसलाही नाही. दिवा आजही आमच्या घरी आहे. सुंदर आहे, पण मुका आहे. तो देवघरात लटकत होता की देवळात, कोणत्या ओताऱ्याने ओतला, कोणाच्या लग्नात आला, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. पैसे वाचले, दिवा आला आणि त्याची हकीकत कायमची गेली.

नाव लिहिले गेले तर काय घडते, हे वारली चित्रांवरून कळते. लग्नप्रसंगी सवाशिणींनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, ही जुनी चाल. भिंत सारवली की चित्र गेले. ते कोणी जमवू शकत नसे आणि लिहिणारीचे नाव कोठे नोंदले जात नसे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचा हात ओळखला. चित्रे कागदावर आणि कापडावर आली, आणि त्यांच्याबरोबर चित्रकाराचे नावही आले. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. मात्र त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायका निनावीच राहिल्या, हे आपण विसरू नये.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो, आणि ठरावीक प्रकारांची नोंदणीही करावी लागते. देवळातून किंवा देवघरातून संशयास्पद रीतीने आलेली मूर्ती कितीही मोह पडला तरी घेऊ नये.

तेव्हा नव्या संग्राहकाने पहिली खरेदी एका वहीची करावी. वस्तू कोठे मिळाली, कोणाकडून, तिला तेथे काय म्हणत, ती कशी वापरीत, घडवणारा ठाऊक असल्यास त्याचे नाव आणि गाव, एवढे त्याच दिवशी लिहावे. आणि ज्याचा हात अजून चालतो आहे, अशा कारागिराकडूनही काही घ्यावे, त्याच्या भावाने घ्यावे. जुन्या वस्तूचा कारागीर आपल्याला विचारता येत नाही. हा समोर बसला आहे. त्याला त्याचे नाव विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे.