साहेब, तुमचं आवडतं बिस्किट कोणतं?

पुढाऱ्याला घाम फोडायला चॅनेलचा अँकरच लागतो असं कुठाय? कडेवर बाळ आणि समोर की-बोर्ड असलेली आईसुद्धा पुरते. अट एकच, प्रश्न नेमका हवा!

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी ताईकडे गेले होते. संध्याकाळचे सव्वासात वाजलेले. ताई हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, जिजू बंगलोरला. आणि पाळणाघरातल्या काकूंचा तिसरा फोन. 'अगं, साडेसातला मी बंद करते हे माहितीय ना तुम्हाला?' शेवटी मीच चपला सरकवल्या आणि भाचीला आणायला पळाले. पावणेदोन वर्षांची ती चिमुरडी दारातच बॅग घेऊन उभी होती. सगळी मुलं गेलेली, ही एकटीच शिल्लक.

ताई आली ती आठला. सॉरी, सॉरी म्हणत तिनं पोरीला उचललं आणि सोफ्यावर बसून चक्क रडली. मी विचारलं, 'तुमच्या कंपनीत क्रेश आहे ना? मेलमध्ये तर होतं.' ती म्हणाली, 'आहे ना. टाय-अप आहे. ऑफिसपासून सात किलोमीटरवर, घराच्या बरोब्बर उलट्या दिशेला.'

'मग विचार ना कुणाला तरी!'

'कुणाला?' ताई म्हणाली. या एका शब्दाचं उत्तर काही मला देता आलं नाही. त्या रात्री झोप उडाली. आणि मला आठवलं ते बिस्किट.

बारा वेळा एकच प्रश्न

वर्ष २००९, महिना ऑक्टोबर. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन एका ऑनलाइन गप्पांच्या सेशनला बसले. बोलावलं होतं 'मम्सनेट'नं. जस्टिन रॉबर्ट्स या पत्रकार बाईनं २०००मध्ये सुरू केलेली ही साइट. मुलाचा ताप, सासूबाईंचा ताप, शाळेची अॅडमिशन असल्या गप्पांसाठी आयांचा हक्काचा कट्टा. निवडणूक काही महिन्यांवर आलेली आणि आयांची मतं मोलाची, त्यामुळे नेतेमंडळी तिकडे हजेरी लावू लागली होती.

ब्राऊनसाहेबांनी अवघड प्रश्नांना लांबलचक उत्तरं दिली. पण मधेच कुणीतरी विचारलं, तुमचं आवडतं बिस्किट कोणतं? त्या साइटवर पाहुण्याला हा प्रश्न विचारायची पद्धतच होती. साहेब गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. असं म्हणे बारा वेळा झालं! दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांची दिवाळी. ज्या माणसाला बिस्किट ठरवता येत नाही तो देश काय चालवणार, असा सगळा सूर. शेवटी ब्राऊननी ट्विटरवर खुलासा केला की, थोडंसं चॉकलेट लागलेलं कुठलंही चालतं, पण सध्या कमी करायचा प्रयत्न चाललाय. पंतप्रधानांचा बिस्किट-खुलासा! आपल्याकडे झालं असतं तर पारले-जीवाल्यांनी होर्डिंग लावलं असतं.

मास कॉमला असताना मीही हा किस्सा 'नेत्यांची इमेज' या टॉपिकखाली पाठ केला होता. बिस्किटाच्या पलीकडे काय होतं ते बघायचं मात्र राहूनच गेलं. ते मी आत्ता बघितलं. आणि खरी गंमत तिथेच आहे.

बिस्किटामागचं व्हाउचर

ब्रिटनमध्ये तेव्हा चाइल्डकेअर व्हाउचर नावाची भानगड होती. आपल्याकडे पगारात फूड कुपन्स मिळतात ना, तसाच काहीसा प्रकार. पगारातला काही भाग व्हाउचर म्हणून घ्यायचा, त्यावर टॅक्स नाही, आणि त्यातून पाळणाघराची फी भरायची. ही सूट २००५मध्ये आली तेव्हा ब्राऊनच अर्थमंत्री होते. पुढच्याच वर्षी मर्यादा आठवड्याला ५५ पाउंड झाली, म्हणजे महिन्याला २४३ पाउंड. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना बऱ्यापैकी आधार.

सप्टेंबर २००९मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ब्राऊननी जाहीर केलं की, दोन वर्षांच्या अडीच लाख मुलांना मोफत पाळणाघर देऊ. टाळ्या! पण पैसा कुठून आणणार? तर व्हाउचरवरची टॅक्स-सूट हळूहळू बंद करून. म्हणजे एका आईच्या पर्समधून काढून दुसऱ्या आईच्या पर्समध्ये.

आता यात ब्राऊन अगदीच चुकीचे होते असं नाही हं. व्हाउचरचा जास्त फायदा जास्त टॅक्स भरणाऱ्यांना होत होता, आणि गरीब घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला चांगलं पाळणाघर मिळावं यात वाईट काय? पण महिन्याचं गणित बसवून घर घेतलेल्या, दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या आईबाबांच्या पायाखालची जमीन सरकली. ते काही 'महिलांसाठी काय करणार' असलं विचारत बसले नाहीत. त्यांचा प्रश्न होता, माझे महिन्याचे २४३ पाउंड राहणार की जाणार? पंतप्रधानांच्या वेबसाइटवरच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. पॅट्रिशिया ह्यूवेट यांच्यासारख्या ब्राऊनच्याच पक्षाच्या माजी मंत्र्यांनीही विरोध केला.

आणि सरकार हललं. डिसेंबर २००९पर्यंत तोडगा निघाला. व्हाउचर चालू राहणार, पण नव्यानं येणाऱ्या मोठ्या पगारवाल्यांना सूट कमी, बेसिक दरानंच. एप्रिल २०११पासून तसंच झालं. नव्या पालकांसाठी व्हाउचर बंद झाली ती थेट ऑक्टोबर २०१८मध्ये, तीही 'टॅक्स-फ्री चाइल्डकेअर' ही दुसरी योजना आल्यावर.

जगाला बिस्किट लक्षात राहिलं. पण त्या पालकांच्या खिशात जे शिल्लक राहिलं ते व्हाउचरच्या प्रश्नामुळे.

तिथे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉनही येऊन गेले. त्यांना एका अपंग मुलाच्या डायपरबद्दल विचारलं गेलं. सरकारी यंत्रणा दिवसाला ठरावीकच डायपर देते, ते कसं पुरायचं? कॅमेरॉन यांचा स्वतःचा अपंग मुलगा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. तरीही या प्रश्नावर ते अडखळले. भाषणं लिहून देणारे डायपरचा हिशेब लिहून देत नाहीत, तो आईकडेच असतो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही पालक विचारतात. २९ जानेवारी २०१९ला दिल्लीत 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईनं पंतप्रधान मोदींना विचारलं, मुलगा ऑनलाइन गेममध्ये बुडालाय, काय करू? मोदींनी हसत उलट विचारलं, हा पब्जीवाला आहे का? हॉलमध्ये हशा, नेटवर मीम्सचा पूर. त्यांनी पुढे दिलेलं उत्तर किती जणांना आठवतंय? मला नव्हतं आठवत. पब्जी म्हणजे आपलं बिस्किटच झालं की!

त्याआधी २०१६मध्येही वादळ उठलं होतं. बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ करायचं विधेयक ऑगस्टमध्ये राज्यसभेत मंजूर झालं. तेव्हा वडिलांच्या रजेचं काय, असं एका मुलाखतीत विचारल्यावर तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या की, पुरुषांसाठी ती नुसती सुट्टी ठरेल, ते काही करणार नाहीत. झालं! नेटवरचे तमाम बाबा खवळले. माझ्या जिजूंना मात्र मी विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, 'पहिले चार दिवस सुट्टीच वाटली असती. पाचव्या दिवशी कळलं असतं.' पण ते चार दिवस तरी मिळायला हवेत ना? केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवस मिळतात. प्रायव्हेटमध्ये कंपनीची मर्जी.

हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत २०१७चं पितृत्व लाभ विधेयक मांडलं होतं. वडिलांना १५ दिवस पगारी रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवायची सोय. पण खासदारांनी खासगीरीत्या मांडलेली विधेयकं संसदेत फारशी पुढे जातच नाहीत. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. सातवांचं विधेयकही तसंच राहिलं. २०२१मध्ये ते स्वतःच गेले.

आईची रजा मात्र १ एप्रिल २०१७पासून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. सोबत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे क्रेश सक्तीचं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा. २१ नोव्हेंबर २०२५पासून हा सगळा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण या तरतुदी तशाच आहेत. कागदावर फर्स्ट क्लास! सात किलोमीटरवरच्या क्रेशला दिवसातून चार चकरा कशा मारायच्या, ते मात्र ताईनं ठरवायचं.

शिवाय ईएसआयवाल्या बायका सोडल्या तर या रजेचा पगार जातो कंपनीच्या खिशातून. म्हणूनच इंटरव्ह्यूत 'लग्न झालंय का? मग पुढचं काय प्लॅनिंग?' असा गोड प्रश्न येतो. माझ्या दोन मैत्रिणींना तो आलाय, त्यांच्या नवऱ्यांना एकदाही नाही. २०१८मध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयानं कंपन्यांना सात आठवड्यांचा पगार परत करायची कल्पना मांडली होती. ती पुढे सरकली नाही.

माझा फुसका बार

आता कबुलीजबाब. गेल्या निवडणुकीच्या आधी आमच्या भागातल्या एका उमेदवाराचा ऑनलाइन 'थेट संवाद' होता. मीही जोशात प्रश्न टाइप केला, 'वर्किंग मदर्ससाठी तुम्ही काय करणार?' आणि तो घेतला गेला! मी लगेच ताईला फोन करून लाव लाव म्हटलं. उत्तर आलं, 'माता-भगिनींच्या सक्षमीकरणासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.' अकरा सेकंदांत पुढचा प्रश्न.

तेव्हा मी त्या साहेबांवर जाम चिडले होते. आता वाटतं, निम्मी चूक माझीच. पत्रकार म्हणवते आणि असा गुळमुळीत प्रश्न? त्याला उत्तरही तसंच मिळणार. 'आपल्या भागातल्या आयटी कंपन्यांचं क्रेश ऑफिसपासून किती अंतरावर हवं आणि ते तपासतं कोण?' असं विचारलं असतं तर 'कटिबद्ध' म्हणून सुटता आलं नसतं. निदान 'माहिती घेतो' म्हणावं लागलं असतं, आणि मग महिनाभरानं 'घेतली का?' असं विचारता आलं असतं.

आणि आता माझाच प्रश्न. मी फ्रीलान्सर. लग्नाला तीन वर्षं झाली. घरात 'बातमी कधी?' सुरू आहे आणि खरं सांगायचं तर मलाही हवंय. पण मला ना एचआर, ना क्रेश, ना २६ आठवडे. लेख लिहिला तर पैसे, नाही लिहिला तर शून्य. बाळ दोन महिन्यांचं असताना मी कव्हर स्टोरी लिहीत असेन की ईएमआय चुकवत असेन, हे मला माहीत नाही. नव्या संहितेत गिग कामगारांसाठी आरोग्य व मातृत्व लाभाच्या योजना आखता येतील असं म्हटलंय. आखता येतील! मराठीत या क्रियापदावर अख्खं आयुष्य निघून जातं.

तेव्हा पुढचा 'थेट संवाद' जाहीर झाला की मी हजर. प्रश्न लिहून फ्रिजवर लावलाय. 'घरून काम करणारी, कुठल्याच कंपनीच्या पगारपत्रकावर नसलेली बाई या योजनेत बसते का? बसत असेल तर नाव कुठे नोंदवायचं?' ताईनं खाली तिचं अंतर लिहिलंय, ७ किमी. जिजूंनी त्याखाली लिहिलंय, 'आणि माझे १५ दिवस?'

प्रश्न विचारताय? मग हे बघाच!

* 'काय करणार' ऐवजी 'कधी, किती, कुठे' विचारा.
* आपला आकडा सांगा. पाळणाघराची महिन्याची फी, ऑफिसपासूनचं अंतर, रजेचे दिवस. आकड्याला 'कटिबद्ध' हे उत्तर होत नाही.
* आधी स्वतःचा हक्क तपासा. रजेसाठी आदल्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम लागतं. क्रेशसाठी ५० कर्मचारी.
* योग्य दार ठोठवा. कायदा केंद्राचा असला तरी बरेचसे नियम आणि तपासणी राज्याकडे असते. नगरसेवकाला संसदेचा प्रश्न विचारून उपयोग नाही.
* बाबांनाही प्रश्न विचारायला बसवा. पाळणाघर हा फक्त आईचा विषय असल्याचं पुढाऱ्यांनी गृहीत धरलंय, ते आपणच शिकवलंय.
* बिस्किटाचं सगळ्यात शेवटी विचारा. वेळ उरला तर!